तुमचं-आमचं : बाई चालल्या न्यू जर्सीला

या महिन्यात आलेल्या पत्रांत आणि मेलमध्ये चार जणांनी फिरवून फिरवून एकच विचारलंय. ज्यांनी आपल्याला हाताला धरून शिकवलं ते माणूस आता कायमचं परदेशी चाललंय, तर निरोप कसा द्यायचा, किंवा आपणच निघालो असू तर कसा घ्यायचा. मला आधी योगायोग वाटला. मग आमच्या डीटीपीवाल्या मुलाने विचारलं, ताई तुमच्या विंगमधले आजीआजोबा कुठे कुठे आहेत सध्या, आणि मी मोजायला लागले तर एक टोरांटो, एक डॅलस, एक ऑकलंड. तर यावेळचं सदर सगळं यावरच. बाकीच्यांनी, विशेषतः सासूबाईंच्या फ्रिजवाल्या पत्राने, पुढच्या अंकापर्यंत धीर धरावा.

प्रश्न : ताई, मी ३६ वर्षांची, बँकेत आहे, डोंबिवलीत राहते. अकरा वर्षं एका बाईंकडे गाणं शिकतेय. मुलगा झाला तेव्हा दीड वर्ष सगळं सुटलं होतं, तेव्हा बाईंनी स्वतः फोन करून बोलावलं, म्हणाल्या वही आणू नकोस काही नको, ये आणि नुसता सा लाव. चाळीस मिनिटं नुसता सा लावून घेतला आणि घरी पाठवलं, फी पण नाही घेतली त्या महिन्याची. बाई आता ७१ च्या आहेत, काका गेल्यापासून एकट्याच. मुलगी न्यू जर्सीत असते, तिने ग्रीन कार्डचं केलंय, गुरुपौर्णिमा झाली की आठवड्याभरात बाई जाणार. आणि हे मला कळलं क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर! सगळ्यांबरोबर! मला एकटीला आधी सांगायला नको होतं का? ग्रुपवर आता हॉल, फ्लेक्स, मानपत्र, शाल-श्रीफळ, चांदीचा छोटा तानपुरा स्मृतिचिन्ह म्हणून, दीड दीड हजार काँट्रिब्यूशन असं सगळं चालू आहे. मला दोन मिनिटं बोलायला सांगितलंय, मी रडणार हे फिक्स. त्यात परवा बाई म्हणाल्या प्रारंभिक आणि प्रवेशिकेची, म्हणजे गाण्याच्या पहिल्या परीक्षांची मुलं आता तू घे, आणि माझा तानपुरा तुझ्याकडे राहू दे. ताई मी मध्यमा पूर्ण करून थांबलेली बाई आहे, विशारद अजून झालेलं नाही, मी कोण शिकवणारी? पुढे ऑनलाइन शिकवीन म्हणाल्यात, पण फोनवर गाणं शिकता येतं का? राग, रडू, भीती सगळं एकदम येतंय, काय करू?

उत्तर : अगं, आधी रागाचं बघू. तुला ग्रुपवर कळलं म्हणून तू चिडलीस. पण मला विचारशील तर बाईंनी तुला एकटीला सांगितलं नाही कारण तुला एकटीला सांगायचं म्हटलं की त्यांना तुझ्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. ग्रुपवर टाइप करणं सोपं असतं. हा माझा अंदाज आहे, पण ७१ व्या वर्षी घर बंद करून निघालेल्या बाईला तेवढी पळवाट असू दे. आणि राग अगदीच जात नसेल तर त्यांना सांगून टाक, "बाई, मला आधी सांगायला हवं होतंत." बोलून टाकलेला राग बरा, मनात ठेवलास तर तो नेमका त्या हॉलमध्ये फ्लेक्ससमोर बाहेर पडेल.

आता माझी एक फजिती सांगते, म्हणजे मी पुढे जे म्हणणार आहे ते का म्हणतेय ते कळेल. मी नवीन नवीन या लाइनीत आले तेव्हा प्रूफं तपासायला मला एका काकांनी शिकवलं. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार कुठे द्यायचा कुठे नाही, आणि मुख्य म्हणजे लेखकाचं वाक्य आपल्याला आवडलं नाही म्हणून बदलायचं नाही, हे सगळं त्यांचं. ते मुलाकडे टोरांटोला निघाले तेव्हा आम्ही मोठा कार्यक्रम केला, मी भाषण पण केलं, "काका म्हणजे चालता बोलता शब्दकोश" वगैरे. टाळ्या पडल्या. पण मला जे सांगायचं होतं ते वेगळंच होतं. पहिल्या वर्षी माझ्या हातून एका जाहिरातीत फोन नंबर चुकीचा छापून गेला होता आणि काकांनी तो स्वतःच्या अंगावर घेतला, साहेबांसमोर म्हणाले माझ्या नजरेतून सुटलं. हे मी कधीच बोलले नाही. सहा वर्षांनी फोनवर बोलले, तोवर त्यांना ऐकू कमी यायला लागलेलं, "काय म्हणालीस? कसली जाहिरात?" मला अक्षरशः ओरडून आभार मानावे लागले, आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांना कळलं मी नंबर चुकवला होता ते. काकांना कितपत कळलं, देव जाणे.

म्हणून सांगते, ते चाळीस मिनिटांच्या सा चं आहे ना, ते कार्यक्रमात बोलू नकोस. ते त्याच्या आधी, एखाद्या दुपारी बाईंच्या घरी जाऊन, त्या चहा टाकत असताना ओट्यापाशी उभं राहून सांग. "बाई, तेव्हा तुम्ही फोन केला नसतात तर मी गाणं सोडलं होतं." बस्स. बाई बहुतेक "हो का, साखर किती" असं म्हणतील. आपल्याकडची मोठी माणसं असंच करतात, तोंडावर कौतुक आलं की साखरेत शिरतात. त्याने नाराज होऊ नकोस, ऐकलेलं असतं त्यांनी.

मग कार्यक्रमात काय, तर कार्यक्रम ग्रुपचा आहे, तो होऊ दे जसा होतोय तसा, फ्लेक्सवर वाद घालण्यात अर्थ नाही. फक्त दोन मिनिटं बोलायच्या ऐवजी दोन मिनिटं गाते म्हणून सांग. बाईंनी तुला पहिली शिकवलेली बंदिश, नुसती अस्थाई म्हणजे पहिला भाग, आणि एकटीने नको, आणखी दोघी-तिघींना घे म्हणजे तुझा गळा दाटला तर सूर कोणीतरी धरून ठेवील. भाषण करताना माणूस खुशाल रडतं, गाताना निदान सुराकडे लक्ष द्यावं लागतं.

स्मृतिचिन्हाबद्दल माझं मत विचारलेलं नाहीस तरी देते. चांदीचा तानपुरा काचेच्या पेटीत, तो न्यू जर्सीला जाणार कसा? अमेरिकेच्या तिकिटावर बहुतेकदा २३-२३ किलोच्या दोन बॅगा असतात (त्यांच्या तिकिटावर नक्की काय ते बघा), त्यात एका बाईचा अख्खा संसार बसवायचा आहे, मेतकूट आणि भाजणीपासून काकांच्या फोटोपर्यंत. आणि श्रीफळ द्या पण ते इथेच फोडून नारळीभात करून खाऊन टाका. ओटीत कोणी हौसेने खोबऱ्याच्या वाट्या घातल्या तर त्या सामानात जाऊ देऊ नका, सुकं खोबरं आपोआप पेट घेऊ शकतं म्हणून २०२२ पासून आपल्याकडे चेक-इनच्या सामानात त्याला बंदी आहे. काउंटरवर बॅग उघडायला लावली की त्या वयात किती धावपळ होते ते मी माझ्या मावशीच्या वेळी बघितलंय.

मग त्या पैशांचं काय करायचं? दोन कामं आहेत बघ. एक म्हणजे बाईंच्या बंदिशींच्या वह्या. असणारच त्यांच्याकडे, जुन्या, पिवळ्या पडलेल्या, पेन्सिलीने नोटेशन, कडेला बारीक अक्षरात त्यांच्या गुरूंनी सांगितलेलं काहीतरी. त्या स्कॅन करून घ्या, पण नुसत्या स्कॅन करू नका, बाईंना शेजारी बसवून एकेक पान विचारून घ्या, कारण त्यातल्या निम्म्या खुणा त्यांच्या त्यांनाच कळतात. इथे ही मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची खूण) आहे की पेन्सिलीचा फटका चुकून पडलाय हे न्यू जर्सीहून फोटोवर कोण सांगणार! मूळ वह्या बाईंबरोबर जाऊ देत, फाइल सगळ्यांकडे राहील.

दुसरं काम तानपुऱ्याचं. तुझ्याकडे येणार आहे ना तो, तर येण्याआधी एखाद्या जाणकाराला दाखवा. मिरजेचा असेल तर मिरजेलाच पाठवता आला तर उत्तम, तिथे पिढ्यान्पिढ्या हेच काम करणारी घरं आहेत, मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय टॅगपण (भौगोलिक मानांकन) मिळाला. जवारी काढून घ्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून सूर नीट करून घ्या, तारा बदलून घ्या, भोपळ्याला कुठे बारीक तडा असेल तर आत्ताच कळेल. ग्रुपचा निधी यावर खर्च झाला तर बाईंना त्या काचेच्या पेटीपेक्षा जास्त आनंद होईल, माझी पैज. आणि घरी आणल्यावर एसीच्या झोताखाली ठेवू नकोस, गॅलरीच्या उन्हात नको, मुलगा लहान आहे तर कोपऱ्यात नुसता टेकवून पण नको, खूप दिवस लावणार नसलीस तर तारा थोड्या उतरवून ठेव.

ऑनलाइनचं विचारलंस. शिकता येतं, पण समोर बसून शिकतो तसं नाही, हे आधीच मान्य केलंस तर त्रास कमी होईल. आवाज तिकडे पोचून परत यायला थोडा वेळ जातो, त्यामुळे दोघींनी एकदम गाता येत नाही आणि तबल्याशी तर अजिबातच जमत नाही. एकाने गायचं, थांबायचं, मग दुसऱ्याने. तानपुरा दोघींनी आपापल्या घरी आपापला लावायचा, पट्टी आधी ठरवून. आणि एक गंमत, हे व्हिडिओ कॉलवाले ॲप सतत चालू असलेला आवाज म्हणजे पंखा किंवा मिक्सर समजून दाबून टाकतात, म्हणजे आपला तानपुरा त्यांच्या लेखी खरखर! झूममध्ये ऑडिओच्या सेटिंगमध्ये ओरिजिनल साउंड म्हणून आहे ते दोन्हीकडे चालू करायचं, इअरफोन लावायचे. बाई जायच्या आधी एकदा त्यांच्या आतल्या खोलीतून तुझ्या घरी असा कॉल करून बघा, त्यांच्या फोनवर सगळं तूच लावून दे, तिकडे जावई ऑफिसात असताना त्या कोणाला विचारणार.

वेळेचं गणित असं की उन्हाळ्यात आपण त्यांच्यापेक्षा साडेनऊ तास पुढे, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत साडेदहा तास. तू बँकेत जायच्या आधी सकाळी सातला बसलीस तर त्यांच्याकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ, थंडीत साडेआठ. म्हणजे तू भैरव शिकणार पहाटेचा आणि बाई तो शिकवणार जेवणं आटपून भांडी डिशवॉशरला लावल्यावर. राग ठरल्या वेळीच गायचा हे समयाचं शास्त्र मानणाऱ्या असतील तर पहिले काही दिवस हसतील, चिडतील. होईल सवय.

"दर वर्षी येईन गं" असं त्या म्हणाल्या असतील ना? म्हणू दे, पण त्यावर कॅलेंडर बांधू नकोस. ग्रीन कार्ड म्हणजे राहायचं मुख्यतः तिकडेच असं सरकारने धरलेलं असतं, वर्षभर बाहेर राहिलं की अडचणी येतात, म्हणजे आल्या तरी चार-सहा आठवड्यांसाठी येणार आणि त्यात निम्मे दिवस दातांचा डॉक्टर आणि बँकेचं केवायसी. "पुढच्या डिसेंबरला याल ना" असं सारखं विचारलंस की त्यांना सारखं काहीतरी कबूल करावं लागतं.

राहिली मुलं. घे. बाईंनी तुझ्या सर्टिफिकेटकडे बघून नाही सांगितलेलं, अकरा वर्षं तुझा सा ऐकून सांगितलंय. प्रारंभिकच्या आठ वर्षांच्या पोराला विशारद झालेली बाई लागत नाही, रोज तोच अलंकार शंभराव्यांदा ऐकून न वैतागणारी बाई लागते. मात्र एक कर, बाई इथे आहेत तोवर दोन-तीन रविवार त्यांच्यासमोर बसून तू क्लास घे. त्या मध्ये बोलतील, मुलांसमोर तुला रागावतील सुद्धा, घे रागावून, ते पुन्हा मिळणार नाही. मध्यमाच्या वरची मुलं मात्र घेऊ नकोस, त्यांना दुसरा गुरू शोधायला तूच मदत कर. आणि फी कोणाची हे आत्ताच तोंडाने विचारून घे. हो, अवघड वाटतं, पण आपल्या लोकांचे निम्मे संबंध "पैशाचं कसं बोलायचं" यातच नासतात.

एअरपोर्टवर जाऊ नकोस. अमेरिकेची विमानं बरीचशी रात्री-अपरात्रीची, डिपार्चरच्या दारात गाडी थांबली की मागून शिट्ट्या सुरू होतात, तिकीट नसेल तर आत सोडत नाहीत, ट्रॉली, व्हीलचेअर, पासपोर्ट कुठे पासपोर्ट कुठे, यात काय निरोप होणार. आदल्या संध्याकाळी घरी जा. नमस्कार कर, हातावर दही घाल. त्या "येते गं" म्हणतील, तू "या" म्हण.

प्रश्न : मी नागपूरचा, पीएचडीचं चौथं वर्ष. माझे गाइड जर्मनीतल्या विद्यापीठात चाललेत, तीन महिन्यांत. माझे दोन चॅप्टर झालेत, डेटा सगळा त्यांच्या लॅपटॉपवर पण आहे. डिपार्टमेंटमध्ये जो तो म्हणतोय सर तुला वाऱ्यावर सोडून चालले. मला त्यांच्याबद्दल वाईट ऐकवत नाही कारण मला इथवर त्यांनीच आणलं, पण रात्री झोप लागत नाही हेही खरं. त्यांच्याशी थिसिसचं बोललो तर स्वार्थी वाटेल का?

उत्तर : नाही वाटणार. आणि वाटलं तरी बोल, उद्याच बोल. निरोपाच्या पार्टीच्या आधी हे झालं पाहिजे, नाहीतर पार्टीत तू केक खात असशील आणि डोक्यात फॉर्म.

पहिलं म्हणजे को-गाइड किंवा नवीन गाइड कोण, हे सर इथे असताना ठरव, कारण सरांनी स्वतः दुसऱ्या प्रोफेसरांना "हा माझा मुलगा, याला घ्या" म्हणणं आणि तू एकट्याने फाइल घेऊन त्यांच्या केबिनबाहेर उभं राहणं यात फार फरक आहे. मग रीतसर अर्ज, समितीची मंजुरी, जी काही तुमच्या विद्यापीठाची पद्धत असेल ती, आणि सगळं लेखी. तोंडी "होऊन जाईल रे" वर विसंबू नकोस, म्हणणारा क्लार्क बदलतो. युजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला जास्तीत जास्त सहा वर्षं, पुन्हा नोंदणी केली तर आणखी दोन, गाइड बदलला म्हणून तुझं घड्याळ शून्यापासून सुरू होईल असं धरून चालू नकोस. डेटाची एक प्रत तुझ्याकडे, एक डिपार्टमेंटला. पेपरवर नावं कोणत्या क्रमाने, हेही आत्ताच मेलवर.

"वाऱ्यावर सोडून" म्हणणाऱ्यांना उत्तर देत बसू नकोस. चांगली लॅब मिळाली तर माणूस जाणार, तू गेला असतास.

आणि एक सांगू का, अंतराने गुरू तुटत नाही, पण भेट लांबवली तर राहून मात्र जाते. बाबासाहेबांचं बघ. १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्युई त्यांचे प्राध्यापक. मग बाबासाहेब परत आले, मध्ये किती काय काय घडलं, छत्तीस वर्षं गेली. १९५२ च्या जूनमध्ये त्याच विद्यापीठाची मानद डॉक्टरेट घ्यायला ते न्यूयॉर्कला निघाले, ड्युईंना भेटायची ओढ होती, आणि १ जूनला, ते अजून प्रवासात असताना, ड्युई गेले. ५ जूनला पदवीदान. पत्नी माईसाहेबांना तिथून लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटलंय की आपलं सगळं बौद्धिक आयुष्य आपण या माणसाचं देणं लागतो. ड्युईंचं वय ९२ होतं, कोणाचीच चूक नाही यात. तुझे सर तर विमानाने एका रात्रीच्या अंतरावर आहेत, आणि जर्मनीत नि आपल्यात उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचारच तास आहेत, तुझी संध्याकाळ आणि त्यांचं दुपारचं जेवण. महिन्यातून एक कॉल पक्का करून ठेव, आणि त्यात दर वेळी थिसिसचंच बोललं पाहिजे असं नाही.

प्रश्न : सांगली, वय २६, नर्स आहे. आमच्या इन्चार्ज सिस्टर जर्मनीला निघाल्यात. आयसीयूतलं मला जे येतं ते सगळं त्यांनी शिकवलं, व्हेंटिलेटरच्या अलार्मला घाबरायची ती आता मी नाइट एकटी काढते. सगळ्या सेंड ऑफची तयारी करतायत, मी पण हसते, पण खरं सांगते मनातून जळते. मलाच का नाही जायला मिळालं असं वाटतं. असं वाटतं म्हणजे मी वाईट आहे का?

उत्तर : नाहीस. जळतेस कारण तुलाही जायचंय, एवढंच. मग ते त्यांनाच सांग की! "सिस्टर, मला पण यायचंय, कसं केलंत?" निघताना असा प्रश्न विचारणारी मुलगी त्यांना फुलांच्या बुकेपेक्षा आवडेल. तिकडे नर्स म्हणून मान्यता मिळायला जर्मन भाषा बी-टू लेव्हलपर्यंत लागते, त्यांनी ती नाइट ड्युट्या करून कधी शिकली, कितव्या अटेम्प्टला पास झाल्या, एजंटने कशाचे पैसे मागितले आणि त्यातले कुठले द्यायला नको होते, हे सगळं विचार, वहीत लिहून घे. हे ज्ञान जाहिरातीत मिळत नाही. आणि त्यांची शेवटची नाइट तुझ्याबरोबर लावून घे जमलं तर. पहाटे चार-साडेचारला पेशंट शांत असतात तेव्हा जे बोलणं होतं ते सेंड ऑफच्या केकसमोर होत नाही, हे मी तुला काय सांगू.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, सातारा. एकतीस वर्षं गणित शिकवलं. आता मेलबर्नला मुलाकडे कायमची जाते आहे. माजी विद्यार्थी सत्काराचा घाट घालताहेत. मला हे अजिबात नको आहे. मी पगार घेऊन काम केले, उपकार केले नाहीत. त्यांना न दुखावता नाही कसे म्हणावे? आणि सोबत कंदी पेढे न्यावेत असे मनात आहे, नेता येतात का?

उत्तर : बाई, तुम्ही इतकं स्वच्छ लिहिता की तुमच्यापुढे मलाच पट्टी खावी लागेल असं वाटलं.

पेढ्यांचं आधी. नाही नेता येत. ऑस्ट्रेलियात दुधाची मिठाई घेऊन येऊ देत नाहीत, पेढे बर्फी सगळंच त्यात आलं. तुळशीचं रोप, कुंडीतली माती, कढीलिंब, तेही नाही. बाकी जो काही खाण्याचा जिन्नस बॅगेत असेल तो उतरल्यावर फॉर्मवर सरळ लिहायचा, लपवायचा नाही, लिहिलेला त्यांनी काढून घेतला तर जिन्नसच जातो, लपवलेला सापडला तर दंड होतो. चिवडा-लाडूंचं मुलाला विचारून घ्या, तो तिथे राहतो, त्याला माहीत असतं. कंदी पेढे इथेच खा, मनसोक्त खा, शुगर नसेल तर.

आता सत्कार. तुम्हाला तो नको आहे हे मला पटतं, हार घालून दोन तास खुर्चीवर बसायचं आणि आपल्याविषयी खोटं-खरं ऐकायचं, मलाही झेपणार नाही. तेव्हा हॉलला ठाम नाही म्हणा. पण बाई, "पगार घेऊन काम केलं" यावर जरा भांडते. पगार तासाचा होता. वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाला शाळा सुटल्यावर थांबवून तुम्ही अपूर्णांक शिकवलेत (शिकवलेच असणार, नाहीतर तो आज हॉल बुक करायला निघाला नसता) ते पगारात नव्हतं. त्या मुलाला आता तुमच्यासमोर उभं राहून काहीतरी म्हणायचंय आणि त्याला भाषण सोडून दुसरी रीत माहीत नाही. त्याला ती रीत तुम्ही द्या. एक रविवार ठरवा, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा घर उघडं, ज्याला जेव्हा यायचं तेव्हा या, हार-शाल आणायची नाही, पोहे मिळतील. माझ्या ओळखीतल्या एका सरांनी असंच केलं, दिवसभर पायरीवर चपलांचा ढीग, एकाने तर आठवीची गणिताची वही आणली होती, सरांनी तेव्हा तपासताना चुकून बरोबर उत्तराला फुली मारलेली, ती दाखवायला. सरांनी चष्मा लावून वही बघितली, मग पेन मागितलं आणि अर्धा मार्क वाढवून सही केली.

जो येईल त्याला पाच मिनिटं एकट्याला बोलू द्या, मध्ये "अरे मी काय केलं" असं म्हणून अडवू नका. तुम्हाला ते ऐकणं अवघड जाईल. पण तुम्ही एकतीस वर्षं त्यांची पाठांतरं ऐकलीत, हे एक ऐका.

आणि फोन नंबर तोच राहू दे. सातारा आणि मेलबर्नमध्ये एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत साडेचार तासांचा फरक असतो, इथे संध्याकाळी पाचला शाळा सुटते तेव्हा तिथे रात्रीचे साडेनऊ. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास पुढे जातात, मग साडेदहा होतील आणि एप्रिलपर्यंत तसंच. तेवढे महिने जरा जागत बसा.